दोघे मुंबईला गेले, त्यात गुन्हा काय?

२५ डिसेंबरला आपल्या वस्त्यावस्त्यांतून मनुस्मृती दहन दिनाचे कार्यक्रम होतात. कुठे व्याख्यान असते, कुठे महिला मंडळाची सभा, कुठे नुसतेच अभिवादन. त्याच तारखेला नाताळची सार्वजनिक सुट्टी येते. कारखाने, कचेऱ्या, शाळा बंद असतात आणि ज्यांना शक्य आहे ते दोन दिवस कुठेतरी फिरायला जातात. या दोन गोष्टी एकाच दिवशी आल्यामुळे २०२४ सालच्या नाताळात नाशिक रोडच्या एका वस्तीत वाद झाला. वाद छोटा होता, पण त्यात गुंतलेला प्रश्न छोटा नाही. म्हणून त्याची चर्चा या स्तंभातून करणे आवश्यक वाटते.

झाले ते असे. नवरा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. बायको अंगणवाडीत मदतनीस. लग्नाला अकरा वर्षे झालेली, दोन मुले. २४ तारखेच्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "उद्या दोघांनाही सुट्टी आहे, मुंबईला जाऊ या." नवरा हो म्हणाला. मुले आजीजवळ ठेवली आणि पहाटे उठून दोघांनी पंचवटी एक्सप्रेसचा जनरल डबा गाठला. गेटवे पाहिला, मरीन ड्राइव्हला बसले, संध्याकाळी वांद्र्याच्या गल्ल्यांतून टांगलेल्या चांदण्या आणि रोषणाई पाहिली. रात्री दादरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी एसटीने घरी आले. नवऱ्याचा २६ तारखेचा खाडा पडला. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत. कर्ज नाही, उसनवारी नाही.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सर्वांसमक्ष विचारले, "काय सूनबाई, मनुस्मृती जाळायच्या दिवशी तुम्ही गेटवेवर फोटो काढत होता म्हणे! फिटली का मुंबईची हौस?" बायकांच्या घोळक्यातूनही आवाज आला, "पोरं सासूच्या गळ्यात टाकून नवऱ्यासंगं भटकायला गेली." त्यावर ती बाई शांतपणे म्हणाली, "मामा, दर सहा डिसेंबरला मी मुंबईला जाते. रांगेत उभी राहते, अभिवादन करते, परतीच्या गाडीत बसते. समुद्र रांगेतनं दिसतो तेवढाच. एकदा त्याच्याजवळ निवांत बसावं वाटलं. बसले."

वाचकांनी या उत्तराचा विचार करावा. आपल्या समाजातल्या लाखो स्त्रियांना मुंबई माहीत आहे ती सहा डिसेंबरची. भाकरीचे गाठोडे, कडेवर लेकरू, शिवाजी पार्कची धूळ, तासन् तास रांग आणि शेवटी चैत्यभूमीवर क्षणभर टेकवलेला माथा. ही मुंबई आपल्या काळजातली आहे आणि तशीच राहील. पण ज्या शहरात बाबासाहेब शिकले, राहिले, लढले, जे शहर आपल्या बापजाद्यांनी गिरण्या, गोदी, रेल्वे आणि सफाई खात्यात राबून उभे केले, त्या शहरात एक दिवस कसलेही काम नसताना, कुणाचे निमंत्रण नसताना, केवळ मनाला वाटले म्हणून फिरण्याचा हक्क त्या बाईला आहे की नाही? आमचे स्पष्ट मत असे आहे की तो हक्क तिला आहे. एवढेच नव्हे, तर तो हक्क चळवळीनेच तिला मिळवून दिलेला आहे. त्याबद्दल चळवळीच्याच माणसाने तिला टोमणा मारावा, ही खेदाची गोष्ट आहे.

आधी सुट्टीचा विचार करू. सुट्टी ही वरून पडलेली गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला एकेकाळी आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नव्हती. क्रांतिबा जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज देशभर जो रविवार लोक उपभोगतात, त्यामागे एका सत्यशोधकाचा लढा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यानंतरचा टप्पा पगारी रजेचा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजा देणारी कारखाना कायद्यातील दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली झाली. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्तीही त्यांच्याच खात्याने आणली. ती १९४६ साली मंजूर झाली. कामगार हा नुसता राबणारा देह नाही, त्याला विश्रांती हवी, कुटुंबासाठी वेळ हवा, हा विचार या कायद्यांमागे आहे.

म्हणजे कामगार जोडपे सुट्टीच्या दिवशी बाहेर पडते तेव्हा ते लोखंडे आणि बाबासाहेब यांनी मिळवून दिलेल्या गोष्टीचाच उपयोग करत असते. विचारायचेच असेल तर ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी वेगळा प्रश्न विचारायला हवा होता. त्या नवऱ्याला २६ तारखेचा खाडा का पडला? वर्षानुवर्षे एकाच कंपनीत राबणाऱ्या माणसाला एक दिवस पगारी रजा का मिळत नाही? कायदा कागदावर आहे, पण मधे ठेकेदार आहे. काम नाही तर दाम नाही, हा त्याचा नियम. आपल्या समाजातील तरुण आज मोठ्या संख्येने असेच कंत्राटावर आहेत. सफाई कामगार, वॉचमन, डिलिव्हरीची पोरे यांना नाताळची सुट्टी कुठे असते? उलट त्या दिवशी त्यांना काम जास्त. वांद्र्याची रोषणाई पाहून लोक घरी गेल्यावर पहाटे तो रस्ता झाडणारे हात कुणाचे असतात, हे सांगायची गरज नाही. "मनात आले आणि निघालो" हे वाक्य ज्याला म्हणता येते, त्याच्याकडे रजा असते, खिशात दोन पैसे असतात आणि मनात भीती नसते. या तिन्ही गोष्टी पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे नव्हत्या. आज एखाद्या जोडप्याला ते वाक्य म्हणता आले, तर त्याचा आनंद मानायचा की दंड करायचा?

आता प्रवासाचे बघू. आपल्या लोकांसाठी प्रवास ही सुखाची गोष्ट कधीच नव्हती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आपले जे अनुभव लिहून ठेवले आहेत, त्यांतले बरेचसे प्रवासाचेच आहेत. लहानपणी वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली भावंडे मसूर स्टेशनवर उतरली, तर जात कळल्यावर बैलगाडीवाला मिळेना आणि वाटेत पाणी मिळेना. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले आणि पुढे काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. १९३४ साली तर चळवळीतल्या सहकाऱ्यांनीच इच्छा व्यक्त केली की बाबासाहेब, आपण एकदा सहलीला जाऊ या. बाबासाहेब हो म्हणाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचे ठरले. तीसेक माणसे निघाली. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गलका झाला आणि शेवटी कुठे पाण्याला हात लागू नये यासाठी सोबत हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला.

या प्रसंगातील अपमानाची चर्चा आपण नेहमी करतो आणि ती केलीच पाहिजे. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. बाबासाहेब सहलीला गेले होते! कामाचा डोंगर असताना सहकाऱ्यांनी हौस व्यक्त केली आणि त्यांनी ती हौस मोडली नाही. जे बाबासाहेबांना चालले, ते आपल्या एका कार्यकर्त्याला का खटकावे?

त्या जोडप्यालाही मुंबईत एक अनुभव आला. दादरच्या परिसरातील एका लॉजवर दोघांची आधार कार्डे पाहून मॅनेजरने मान हलवली. बाईच्या कार्डावर अजून माहेरचे आडनाव आहे. "नवरा-बायको आहात कशावरून? लग्नाचा दाखला दाखवा." दाखला सोबत कोण बाळगतो? अकरा वर्षांच्या संसाराचा पुरावा नसल्यामुळे दोघांना पिशवी उचलून बाहेर पडावे लागले. दुसऱ्या लॉजवर ओळखपत्रे पाहून, रजिस्टरात नोंद करून मुकाट्याने खोली मिळाली. म्हणजे अडचण कायद्याची नव्हती, काउंटरवर बसलेल्या माणसाच्या डोक्यातली होती. पहिल्याच्या मनात जात होती की नुसता संशय, हे तोच जाणे. पण ज्या समाजाला रजिस्टरात नाव लिहिताना काय सोसावे लागते याचा अनुभव आहे, त्याने हा विषय हसण्यावारी नेता कामा नये. आपल्या मुला-मुलींमध्ये आंतरजातीय विवाह वाढत आहेत. दोन वेगळी आडनावे घेऊन ही जोडपी उद्या अशाच काउंटरवर उभी राहणार आहेत.

त्यांनी काय लक्षात ठेवावे? भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडानुसार धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत मज्जाव करता येत नाही. अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्त संचाराचे स्वातंत्र्य देतो. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल किंवा धर्मशाळा नाकारणे हा गुन्हा ठरवला आहे. आणि दोन सज्ञान स्त्री-पुरुषांनी, ते विवाहित असोत वा नसोत, हॉटेलच्या खोलीत राहू नये असा कोणताही कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. संविधान लिहिणाऱ्यांनी शिक्षण आणि नोकरी यांच्याबरोबर हॉटेल आणि करमणुकीचे ठिकाण यांचाही उल्लेख का केला असेल? कारण माणसाचा माणूस म्हणून दर्जा शाळेत आणि कचेरीत ठरतो, तसाच तो बाकड्यावर, बागेत आणि खानावळीतही ठरतो. हे लिहिणाऱ्यांनी ते स्वतः भोगले होते.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. "मनुस्मृती दहनाच्या दिवशी का गेलात?" मनुस्मृतीने स्त्रीला काय सांगितले? बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावे, तिला स्वतःच्या मर्जीने काही करण्याची मुभा नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हेच जाळले गेले. त्या परिषदेला जाण्यासाठी बाबासाहेब आणि सोबतचे प्रतिनिधी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला पोहोचले. परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने जागा दिली. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी दहनाचा ठराव मांडला. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांशी वेगळा संवाद केला. नीटनेटके राहा, जातीची खूण सांगणारे कथलाचे दागिने टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. आपल्या स्त्रीने चारचौघांत मान वर करून वावरावे, हाच त्या उपदेशाचा अर्थ होता.

मग आमचा प्रश्न असा आहे. २५ डिसेंबरला एक स्त्री स्वतःच्या मनाने ठरवते, नवरा तिच्या शब्दाला मान देतो आणि दोघे बरोबरीने घराबाहेर पडतात. ती मनुस्मृतीचे पालन करते की दहन? आणि विहारात बसून तिलाच जाब विचारणारे, नवऱ्याला मात्र एक शब्दही न विचारणारे, नकळत कुणाची बाजू घेत होते? निर्णय दोघांचा, प्रवास दोघांचा, मुले दोघांची. पण टोमणा एकटीला. मुले दोन दिवस आजीजवळ राहिली तर आईचे चुकले, बाप रोज बारा तास बाहेर असतो तेव्हा कुणाचे चुकत नाही. कागदावरची मनुस्मृती जळून शंभर वर्षे होत आली, पण डोक्यातली अजून पूर्ण जळालेली नाही, हेच यावरून दिसते.

काही मंडळी दुसराही आक्षेप घेतात. नाताळ हा ख्रिश्चनांचा सण, त्याच्याशी आपला काय संबंध? असे म्हणणाऱ्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जाऊन पाहावे. तिथे आपल्याच भावकीतली कितीतरी घरे जातीच्या जाचाला कंटाळून ख्रिस्ती झाली. त्यांच्या दारातली नाताळची चांदणी आपल्याला परकी कशी? जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ज्यांनी शाळेचे दार उघडले, त्यांच्या सणाच्या दिवशी त्यांच्या गल्लीतून एक फेरफटका मारल्याने कुणाचा धम्म बुडत नाही. शेजाऱ्याच्या आनंदात सामील होणे ही मैत्री भावना आहे आणि ती आपल्याला बुद्धाने शिकवली आहे.

मात्र एका गोष्टीबाबत सावध राहिलेच पाहिजे. फिरण्याची हौस वेगळी आणि बाजाराने गळ्यात मारलेली हौस वेगळी. डिसेंबर महिना आला की मॉलमध्ये सांताक्लॉज उभा राहतो, मोबाइलवर हप्त्याने सहलीच्या जाहिराती येतात आणि ३१ डिसेंबरच्या नावाखाली दारूचा महापूर येतो. बचत गटाचे कर्ज उचलून, फायनान्सचा हप्ता अंगावर घेऊन चार फोटोंसाठी फिरायला जाणे म्हणजे गुलामीची नवी बेडी स्वतःच घालून घेणे होय. दारूच्या बाटलीसाठी केलेली सहल ही बायकोसाठी सहल नसतेच. तिथे तिच्या वाट्याला फक्त धास्ती येते. त्या जोडप्याने जनरल डब्याने प्रवास केला, वडापाव खाल्ला, येताना एसटीत बाईला अर्धे तिकीट लागले. २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मी सवलत आहे, तिचा उपयोग बायकांनी केवळ माहेरपण आणि दवाखाना यांसाठीच का करावा?

आणि नवरे मंडळींनाही दोन शब्द. बायकोला फिरायला नेणे हा उपकार नाही. सहल म्हणायची आणि तिने आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत चपात्या लाटायच्या, पहाटे उठून डबे भरायचे, प्रवासात पिशव्या सांभाळायच्या आणि परत आल्यावर धुण्याचा ढीग उपसायचा, याला सुट्टी म्हणत नाहीत. रमाईच्या वाट्याला आयुष्यात विसाव्याचे दिवस किती आले, याची आठवण काढून आपण डोळे पुसतो. घरातल्या रमाईला वर्षातून दोन दिवस विसावा द्यायला काय हरकत आहे?

कार्यकर्त्यांना आमची नम्र सूचना अशी की, २५ डिसेंबरचा कार्यक्रम जरूर करा, जोरात करा. पण तो सकाळी लवकर आटोपता येईल किंवा आदल्या संध्याकाळी घेता येईल, ज्यामुळे कष्टकरी कुटुंबांना सुट्टीही मिळेल. या कार्यक्रमात एक तास स्त्रियांना बोलू द्या. गेल्या वर्षभरात स्वतःच्या मर्जीने तुम्ही कुठे गेलात, हा एकच प्रश्न त्यांना विचारा. उत्तरे ऐकून पुरुषांच्या माना खाली जातील.

आणि जोडप्यांना सांगणे असे की, मुंबईला गेलात तर परळच्या बीआयटी चाळीकडे पाय वळवा, तिथल्या लहानशा खोल्यांत बाबासाहेबांनी संसार केला. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह पाहा. फोर्टमध्ये सिद्धार्थ कॉलेज आहे. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची आणि स्त्रियांचीही दाने कोरलेली आहेत. हे सर्व आपलेच आहे. पण वेळ नसेल आणि नुसते समुद्राकडे पाहत तासभर बसलात, तरी कुणाला हिशेब देण्याची गरज नाही. तो समुद्रकिनाराही संविधानाने तुमचाच आहे.

आपली चळवळ दुःखाच्या आठवणींवर उभी आहे हे खरे. पण ती दुःख टिकवण्यासाठी उभी नाही, ते संपवण्यासाठी उभी आहे. येत्या २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाचे स्मरण करताना एवढे लक्षात ठेवू या की, आपल्या वस्तीतली बाई सकाळी उठून "चला, आज जाऊ या" असे म्हणते आणि तिला कुणी "कशाला?" असे विचारत नाही, तोही दहनाचाच एक भाग आहे.

जयभीम!